छताला पंखा नसलेल्या घरातला उन्हाळा

परदेशी निघालेल्या माणसाच्या यादीत कुकर असतो, पोळपाट-लाटणं असतं, गोडा मसाला असतो, थर्मलचे दोन जोड असतात. पंख्याचा विचार कोणी करत नाही. युरोप म्हणजे थंडी हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं. त्यातून शिकायला येणारी मुलं येतात ती बहुतेक ऑक्टोबरच्या सुमाराला, त्यामुळे घर बघताना हीटर नीट चालतो का एवढंच विचारलं जातं. मग जून उजाडतो, खोलीतलं तापमान रात्री अकरालाही तीसच्या खाली उतरत नाही आणि माणूस पाठीवर पडून छताकडे बघत राहतो. तिथे दिवा असतो, बाकी काही नसतं.

मी जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये राहते. चाकण-पिंपरीच्या गाड्यांच्या कारखान्यांमधून इथे बदलीवर येणारी मराठी कुटुंबं दरवर्षी भेटतात आणि त्यांचा पहिला उन्हाळा मी जवळून पाहते. हे शहर टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात वसलंय, वारा मुळातच कमी. पण हा प्रश्न एका शहराचा नाही. २५ जुलै २०१९ रोजी जर्मनीत ड्यूसबुर्ग आणि टोनिसफोर्स्ट इथे ४१.२ अंश सेल्सिअसची नोंद झाली. १९ जुलै २०२२ला इंग्लंडमधल्या कॉनिंग्सबीत ४०.३ अंश झालं. त्या देशात पारा चाळिशीपार जाण्याची ती पहिलीच वेळ. थोडक्यात, परभणी-जळगावचे आकडे इथेही लागतात. फरक इतकाच, की इथली घरं थंडीसाठी बांधलेली आहेत. जाड भिंती, उष्णतारोधक थर, दुहेरी-तिहेरी काचा. आत शिरलेली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, हेच त्यांचं काम, आणि जुलैतही त्या ते चोख करतात.

पहिली धडपड असते ती छताला पंखा लावण्याची. तेव्हा आधी तिच्याबद्दल बोलते. आपल्याकडे स्लॅब टाकतानाच खोलीच्या मधोमध पंख्याचा हुक सोडलेला असतो. इथे छतातून दिव्याची वायर येते आणि शेजारी फार तर एक बारीक हुक असतो. तो दिव्याचं वजन पेलतो; फिरणारा, थरथरणारा पंखा त्याला टांगू नका, कितीही हलका वाटला तरी. दुसरी अडचण उंचीची. पंख्याची पाती जमिनीपासून किमान २.३ मीटर वर असली पाहिजेत. नव्या इमारतींमध्ये छतच साधारण अडीच मीटरवर असतं, म्हणजे दांडा, मोटर धरून पाती खाली डोक्याशी येतात. पांघरुणाची खोळ बदलताना हात वर गेला तर काय होईल, ते सांगायला नको. जुन्या इमारतींमध्ये छत तीन मीटरहून उंच मिळतं, पण तिथे बरेचदा लाकडी तुळया आणि वर गिलावा असतो. पंखा तुळईतच बसवावा लागतो आणि ती नेमकी कुठे आहे हे जाणकारानेच शोधायचं. भाड्याच्या घरात मालकाची लेखी परवानगी आणि इलेक्ट्रिशियन या दोन्हींशिवाय या वाटेला जाऊ नये. भारतातून पंखा आणायचा मोह तर सोडूनच द्या. जर्मनीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ असल्याने तो फिरेल खरा, पण त्यावर युरोपातलं सुरक्षा चिन्ह नसेल आणि उद्या काही झालं तर विम्याच्या वेळी तेच आड येईल. अमेरिकेत तर १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ, तिथे तो नीट चालणारही नाही. स्वतःचं घर असेल, बरीच वर्षं राहायचं असेल, तर छताला चिकटून बसणारे कमी उंचीचे पंखे मिळतात, ते जरूर बघा. बाकीच्यांनी पंख्याशिवाय जगायची तयारी करावी. ती होते, आणि चांगली होते.

त्यासाठी पंखा आपल्यासाठी काय-काय करत होता ते आधी आठवायला हवं. तो हवा थंड करत नव्हता. घाम वाळवत होता, म्हणून आपल्याला गार वाटत होतं. शिवाय तो डास हाकलत होता, पुसलेली फरशी सुकवत होता, पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळवत होता आणि त्याच्या घरघरीत बाहेरचे आवाज बुडवून आपल्याला झोपवत होता. एक बटण दाबलं की एवढी कामं व्हायची. इथे प्रत्येक कामाची वेगळी सोय लावावी लागते.

सगळ्यात मोठं काम उकाड्याचं. तिथे माझं सांगणं एकच आहे: वारा शोधायच्या आधी ऊन अडवा. वर पंखा फिरत असला की ऊन घरात आलं तरी आपलं फारसं बिघडत नाही, म्हणून ते अडवायची सवय मुंबई-पुण्याकडच्या आपल्या लोकांना राहिलेली नाही. विदर्भ-मराठवाड्याकडच्यांना ती असते. जाड भिंतींच्या माळवदाच्या घरात सकाळी नऊलाच दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, दुपार अंधारात काढायची आणि रात्री सगळं उघडून गच्चीवर झोपायचं, हे ज्यांनी लहानपणी पाहिलंय ती माणसं इथल्या उन्हाळ्याला पटकन सरावतात. मुंबईच्या दमट हवेत खिडकी बंद केली की जीव गुदमरतो, म्हणून तिथल्या माणसाचा हात उकडलं की आपोआप खिडकीकडे जातो. इथे दुपारी तो हात आवरायचा.

जर्मनीत बहुतेक घरांना खिडकीच्या बाहेरून खाली येणारी पट्ट्यांची झडप असते, तिला रोलाडेन म्हणतात. खिडकीशेजारी भिंतीतल्या फटीतून एक राखाडी, जाडसर पट्टा बाहेर आलेला दिसेल, तो हिचाच. नवीन माणूस महिनोन्‌महिने त्याला हात लावत नाही, किंवा रात्रीच्या अंधारासाठी म्हणूनच वापरतो. उन्हाळ्यात तिचा खरा उपयोग दिवसा. ऊन काचेतून आत आलं की आतल्या पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि ती ऊब खोलीतच राहते. झडप काचेच्या बाहेर असल्यामुळे ऊन आत यायच्या आधीच अडतं. पट्टा हातातून एकदम सोडू नका, झडप धाडकन खाली येते आणि पट्ट्या मोडतात. हाताने धरून सावकाश सोडा. अगदी शेवटपर्यंत खाली आणली नाही तर पट्ट्यांमध्ये बारीक छिद्रांच्या ओळी उघड्या राहतात. त्यांतून वाचता येण्याइतका नाही, पण घरात वावरता येईल इतका उजेड येतो. पूर्वेच्या खिडक्या सकाळी उठल्याबरोबर झाका, पश्चिमेच्या दुपारी बारानंतर. पश्चिमेची खिडकी जास्त त्रास देते, कारण जूनमध्ये इथे सूर्य रात्री साडेनऊला मावळतो.

या उशिराच्या सूर्यास्तामुळेच आपलं गणित चुकतं. महाराष्ट्रात चार वाजले की ऊन कलतं, पाच वाजता खिडक्या उघडून चहा घ्यायचा. इथे घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे केलेलं असतं. भर मध्यान्ह दुपारी दीडच्या सुमाराला आणि बाहेरची हवा सगळ्यात तापलेली असते चार ते सहाच्या दरम्यान. त्या वेळी ‘जरा वारा येऊ दे’ म्हणून खिडकी उघडली की दिवसभर जपलेला गारवा अर्ध्या तासात गेला म्हणून समजा. अंदाजावर न जाता दोन साधे थर्मामीटर घ्या; एक आत, एक बाहेर सावलीत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की उघडायचं, वर गेला की लावायचं. साधारण रात्री नऊ-दहाला उघडायची वेळ येते आणि सर्वांत गार हवा पहाटे पाच-सहाला असते. त्या वेळी उठून तासभर घर सताड उघडं टाकणं हे कुठल्याही यंत्रापेक्षा गुणकारी आहे. आमच्या शहराच्या पालिकेत हवामानाचा अभ्यास १९३८पासून होतो. टेकड्यांवरून रात्री उतरणारी गार हवा अडू नये म्हणून उतारांवरच्या काही पट्ट्या मोकळ्या राखल्या जातात. तुमच्या घराची कुठली बाजू अशा टेकडीकडे किंवा बागेकडे आहे ते बघून ठेवा, रात्री आधी ती उघडा.

उघडायचं म्हणजे पूर्ण उघडायचं. इथल्या खिडक्या वरून जराशा कलत्याही करता येतात, पण त्या फटीतून हवा फारशी बदलत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या पूर्ण उघडून मधली दारं अडकवून ठेवली, की दहा मिनिटांत हवा पालटते. ऑफिसात किंवा ट्रेनमध्ये मात्र असा झोत इथल्या बऱ्याच लोकांना सोसत नाही. मान धरते म्हणतात. तिथे विचारून उघडा. आणि घराबाहेर जाताना कललेली खिडकीसुद्धा लावून जा. ती उघडीच धरली जाते, चोरी झाली तर भरपाईचे वांधे होतात.

खिडक्यांबद्दलची एक गोष्ट उकाड्याहून महत्त्वाची आहे. आपल्याकडे खिडकीला गज किंवा ग्रिल असतं, त्यामुळे मूल खिडकीत चढलं तरी आपण निर्धास्त असतो. इथे गज नसतात. तिसऱ्या मजल्यावर खिडकी सताड उघडली की पुढे मोकळी हवा. लहान मूल असेल तर खिडकीखाली पलंग, खुर्ची, खेळण्यांचं खोकं काही ठेवू नका, खिडकीला मुलांचं कुलूप बसवून घ्या, आणि मूल एकटं असलेल्या खोलीतली खिडकी उघडू नका. यात कसूर करू नका.

आता वाऱ्याकडे येऊ. स्टँड फॅन किंवा टेबल फॅन घ्यायचा तो एप्रिलमध्ये. उष्म्याची पहिली लाट आली की दुकानांतले चांगले पंखे संपतात आणि उरतात ते खडखडणारे. साधारण ४० सेंटिमीटर पात्यांचा, ५० वॉटच्या आसपासचा पंखा एका खोलीला पुरतो. आठ तास चालला तर ०.४ युनिट, म्हणजे युनिटला ३० ते ४० सेंट धरले तर रात्रीचे १२ ते १६ सेंट. खोक्यावर आवाजाचा डेसिबलचा आकडा असतो, तो जरूर बघा. डीसी मोटरचे पंखे महाग असले तरी कमी वेगावर अगदी शांत चालतात. झोपायच्या खोलीसाठी ते पैसे घाला.

छतावरच्या पंख्याचा वारा अंगभर सारखा उतरतो, स्टँड फॅनचा मात्र एकाच जागी लागत राहतो. रात्रभर एका खांद्यावर झोत घेतला की सकाळी मान आखडते. म्हणून पंखा अंगावर रोखू नका. पलंगाच्या पायथ्याच्या बाजूला ठेवून त्याचं तोंड समोरच्या भिंतीकडे आणि जरा वर, भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्याकडे करा. वारा तिथे आपटून पसरतो आणि वरून येतो. घरच्या पंख्याच्या जवळ जाणारं असं हे एवढंच आहे, पण झोप लागते. रात्री निजण्यापूर्वीचा आणखी एक उपयोग: तापलेल्या खोलीच्या खिडकीजवळ पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा आणि गार बाजूची खिडकी उघडा. गरम हवा बाहेर ढकलली जाते आणि तिच्या जागी दुसरीकडून गार हवा येते. खोलीत कोणी नसताना मात्र पंखा बंद करा. मोटर स्वतः थोडी तापते, रिकाम्या खोलीत तिचा काही उपयोग नसतो.

पाय गार पाण्यात, मानेवर ओला पंचा, मनगटांवर पाण्याचा हबका, हे सगळं इथे चांगलं लागू पडतं, कारण भर दुपारी हवा बहुधा कोरडी असते. नागपूरला वाळ्याचा कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्यामागचं कारणच इथेही लागू आहे. पण वादळापूर्वीच्या दमट संध्याकाळी खोलीत ओल्या चादरी टांगू नका, उकाडा वाढतो. अंथरुणाकडेही बघा. फोमची गादी ऊब धरून ठेवते. तिच्यावर सुती सतरंजी किंवा चटई आणि वर धुवट सुती चादर. पांघरुणातली रजई काढून नुसती खोळ अंगावर घ्या, इथले लोकही तेच करतात.

एकच जाड नळी खिडकीतून बाहेर सोडणारे, चाकांवरचे एसी मिळतात. मला ते फारसे पटत नाहीत. ते खोलीतली हवा बाहेर फेकतात, तेवढीच गरम हवा फटींमधून आत ओढली जाते, साधारण हजार वॉट वीज लागते आणि आवाजाने झोप उडते ती वेगळीच. छपराखालच्या तिरक्या छताच्या घरात बाळ-बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल तरच घ्या, आणि घेतलाच तर खिडकीची फट बंद करणारं कापडही बरोबर घ्या.

बाकीची कामं लवकर आटपतात. फरशी पुसताना फडकं घट्ट पिळून घ्या; इथे जमीन लाकडाची किंवा लॅमिनेटची असते, आपल्यासारखं पाणी राहिलं आणि वाळवायला वर पंखा नसला की सांध्यांमध्ये पाणी मुरून फळ्या फुगतात. कपड्यांसाठी इमारतीच्या तळघरात वाळवायची खोली असली तर तीच वापरा. घरातच स्टँडवर घालत असाल तर पंखा कमी वेगावर स्टँडकडे लावून खिडकी अधूनमधून उघडा, विशेषतः हिवाळ्यात. नाहीतर कोपऱ्यात बुरशी धरते आणि घर सोडताना अनामत रकमेवरून मालकाशी वाद होतो. डासांसाठी खिडकीच्या चौकटीला चिकटपट्टीने लावायची जाळी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात स्वस्तात मिळते. कात्रीने कापून अर्ध्या तासात बसते, भोकं पाडावी लागत नाहीत. ऱ्हाइनच्या खोऱ्यात आता पट्टेरी वाघ-डासही आलाय, म्हणून कुंड्यांखालच्या बशांमधलं पाणीही ओतून टाकत जा.

आवाजाचा प्रश्न बाराही महिने राहतो, आणि तो उघडपणे कोणी बोलून दाखवत नाही. जन्मभर पंख्याच्या घरघरीत झोपलेल्या माणसाला इथली शांतता टोचते. जिन्यातली पावलं, वरच्या मजल्यावरचा नळ, स्वतःचा श्वास, सगळं ऐकू येतं. यात लाजण्यासारखं काही नाही. छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून हळू लावा, थंडीतही. वारा अंगाला लागता कामा नये, नाहीतर घसा कोरडा पडतो. फोनवर पंख्याचा आवाज लावून ठेवला तरी चालतो. आठवड्याला जरा-जरा आवाज कमी करत गेलं की बहुतेकांना काही महिन्यांत त्याची गरज उरत नाही. उरली तरी बिघडत नाही, मजेत लावा. इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, पण खोलीतल्या पंख्याच्या आवाजाला शेजाऱ्यांची हरकत नसते.

नवं घर शोधत असाल तर हिवाळ्यातही चार गोष्टी विचारून घ्या: खिडक्या कुठल्या दिशेला आहेत, दोन बाजूंना आहेत का, बाहेरून झडपा आहेत का आणि वर थेट छप्पर आहे का. तिरक्या छताचं घर डिसेंबरात मोठं लोभस दिसतं. जुलैत तेच सगळ्यात जास्त तापतं.

मला सगळ्यात काळजी वाटते ती सुट्टीत येणाऱ्या आई-वडिलांची. नव्वद दिवसांच्या व्हिसावर ते येतात ते नेमके जून ते ऑगस्ट, कारण हवा चांगली असते म्हणून. मुलगा-सून ऑफिसला जातात, नातवंडं पाळणाघरात, आणि सत्तरीचे दोघं दिवसभर तापलेल्या घरात. ‘अरे, आम्ही सोलापूरचे, आम्हाला काय उकाड्याचं सांगतोस’ हे वाक्य मी कित्येक घरांमध्ये ऐकलंय. सोलापुरात त्यांच्या डोक्यावर पंखा असतो, दुपारी कूलर असतो, पायाखाली गार शहाबादी फरशी असते. इथे यातलं काही नसतं, आणि वयामुळे घाम कमी येतो, तहानही कमी लागते. परक्या घरात सारखं बाथरूमला जायला नको म्हणून पाणी मुद्दाम कमी पिणाऱ्या आयाही मी पाहिल्यात. २००३च्या उन्हाळ्यात युरोपात उष्म्याने हजारो माणसं गेली, त्यांतली बहुतेक वयस्क होती, आणि कितीतरी जण घरात एकटे होते.

ते यायच्या आधी, भारतात असतानाच त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या की रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचं कडक उन्हाळ्यात काय करायचं. स्वतःच्या मनाने गोळी कमी-जास्त करू नका. आल्यावर पहिल्याच दिवशी झडपेचा पट्टा त्यांच्या हातात देऊन खाली-वर करायला लावा. आपण दाखवून पुरत नाही, त्यांनी स्वतः केलं पाहिजे. झोपायला घरातली सगळ्यात गार खोली त्यांना द्या, मग ती हॉल असली तरी. डॉयचर वेटरडीन्स्ट ही हवामान संस्था २००५पासून उष्म्याचे इशारे देते. तिचं ॲप तुमच्या फोनवर ठेवा आणि इशारा असेल त्या दिवशी दुपारी दोनदा घरी फोन करा. काय चाललंय एवढंच विचारू नका, किती तांबे पाणी झालं ते विचारा. ताक, कोकम सरबत, मीठ-साखर घातलेलं लिंबू-पाणी सकाळीच करून फ्रिजमध्ये ठेवा. नुसत्या पंख्यावर विसंबू नका. चाळीस अंशांच्या वर पंख्याची गरम हवा शरीर आणखी तापवते, जागतिक आरोग्य संघटनाही तेव्हा तो वापरू नका असंच सांगते. अशा दुपारी त्यांना जवळच्या वाचनालयात, मॉलमध्ये किंवा एखाद्या दगडी चर्चमध्ये नेऊन बसवा, तिथे गार असतं आणि कोणी उठवत नाही.

आणि फ्रिजवर मराठीत एक कागद लावा. सकाळी किती वाजता कुठली झडप खाली, रात्री किती वाजता कुठली खिडकी उघडायची, हे त्यावर घरातल्या खोल्यांच्या नावांनिशी लिहा. खाली मोठ्या अक्षरात दोन नंबर: बरं वाटत नसेल आणि दवाखाना बंद असेल तर ११६११७, माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजल्यासारखं गरम लागलं किंवा शुद्ध हरपली तर थेट ११२, आणि मदत येईपर्यंत अंगावर ओली फडकी व पंख्याचा वारा. त्याच कागदावर घराचा पूर्ण पत्ता देवनागरीत लिहून ठेवा, म्हणजे फोनवर तो त्यांना वाचून दाखवता येईल.